विश्लेषण : आधी पाय सरळ केला, आता गुडघाही बदलायचा… पहिल्या शस्त्रक्रियेमुळे दुसरी अवघड होते का?

चाळिशी-पंचेचाळिशीत गुडघा दुखू लागला, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकू लागले, तर अनेक रुग्णांना डॉक्टर सांधा बदलण्याऐवजी ‘पाय सरळ करू’ असे सुचवतात. हाडाला काप देऊन पायाची रेषा नीट केली जाते, दुखणे कमी होते आणि माणूस कामाला लागतो. आठ-दहा किंवा पंधरा वर्षांनी तोच गुडघा पुन्हा कुरकुरू लागतो आणि या वेळी सांधाच बदलावा लागेल, असे सांगितले जाते. तेव्हा घरात पहिला प्रश्न उठतो : मग आधीची शस्त्रक्रिया फुकट गेली का? दुसरा प्रश्न त्याहून काळजीचा : एकदा कापलेल्या हाडावर पुन्हा शस्त्रक्रिया नीट होईल का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राकडे आहेत. मात्र ती प्रत्यक्षात उतरण्यासाठी एक साधी गोष्ट लागते, ती म्हणजे रुग्णाची जुनी फाइल.

गुडघा एकाच बाजूने का झिजतो?

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकलेले असते. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे आपल्याकडे म्हणतात, पण बहुतेक वेळा संपत आलेला असतो तो हा थर. या झिजेला ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात.

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती साधारण गुडघ्याच्या मधून जायला हवी. शरीराचा भार या रेषेवरून खाली जातो. पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले असतील तर ही रेषा गुडघ्याच्या आतल्या बाजूला सरकते आणि आतली कूर्चा जास्त दाबली जाते. दाब वाढला की झीज वाढते आणि झीज वाढली की पाय आणखी वाकतो. भारतीय रुग्णांमध्ये आतल्या बाजूची ही झीज मोठ्या प्रमाणावर दिसते. अशा गुडघ्यात बाहेरची बाजू आणि वाटीमागचा भाग अनेकदा बराच चांगला असतो. सगळा सांधा न बदलता भार चांगल्या बाजूवर ढकलता येईल, हा विचार त्यातूनच आला.

पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

या शस्त्रक्रियेला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात, म्हणजे नडगीच्या हाडाला गुडघ्याच्या जरा खाली काप देणे. ती दोन पद्धतींनी होते. पहिल्या पद्धतीत हाडाच्या बाहेरच्या बाजूने पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून फट मिटवतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. मार्क कॉव्हेंट्री यांच्या १९६५ मधील लेखानंतर ही पद्धत जगभर रुजली. दुसऱ्या पद्धतीत आतल्या बाजूने काप देऊन हाड हळूच उघडतात आणि तयार झालेली पाचरीसारखी फट धातूची पट्टी व स्क्रूने धरून ठेवतात. अलीकडे ही दुसरी पद्धत जास्त वापरली जाते.

रेषा किती सरकवायची याचेही गणित असते. गुडघ्याच्या रुंदीत आतल्या कडेपासून मोजले तर साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे मध्यापासून किंचित बाहेर, ती आणणे हे अनेक वर्षे वापरले गेलेले लक्ष्य. ते गाठले गेले नाही तर दुखणे लवकर परत येते. प्रमाणाबाहेर गेले तर पाय उलट दिशेने वाकलेला दिसतो आणि नंतर सांधा बदलताना तोच भाग त्रास देतो.

मग सुरुवातीलाच सांधा का बदलत नाहीत?

कारण कृत्रिम सांध्यालाही आयुष्य असते. आजच्या गुडघेबदल शस्त्रक्रियेचा पाया १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’मध्ये बसवल्या गेलेल्या ‘टोटल कॉन्डायलर’ सांध्याने घातला. तो विकसित करणाऱ्यांत डॉ. जॉन इन्सॉल यांच्यासोबत भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत होते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये बदलले गेले, तेही डॉ. राणावत यांच्याच हातून. त्या बातम्यांमुळे ही शस्त्रक्रिया भारतात घरोघरी माहीत झाली.

तेव्हापासून सांधे बरेच टिकाऊ झाले आहेत. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. पण हा हिशेब वयानुसार बदलतो. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या ब्रिटनमधील अभ्यासात, सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के आढळली. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांमध्ये मात्र ती ३५ टक्क्यांपर्यंत होती. वय कमी तर पुढचे आयुष्य मोठे, हालचाल जास्त आणि सांध्याची झीजही जास्त.

यात रोजच्या जगण्याचाही भाग आहे. गुडघा बदलल्यानंतर जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे टाळा, जड कष्टाची कामे करू नका, असे डॉक्टर सहसा सांगतात. शेतात खुरपणी करणारी बाई, हमाली करणारा माणूस किंवा दिवसभर जिने चढ-उतार करणारा डिलिव्हरी बॉय यांना पंचेचाळिशीत हे बंधन परवडत नाही. पाय सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत सांधा स्वतःचाच राहतो, त्यामुळे हाड भरून आल्यावर कष्टाच्या कामाला तुलनेने मोकळीक मिळते.

ही शस्त्रक्रिया कोणाला चालते आणि किती वर्षे पुरते?

साधारणपणे साठीच्या आतले, कामात असलेले, गुडघा चांगला वाकणारे आणि झीज फक्त आतल्या बाजूला असलेले रुग्ण यासाठी योग्य मानले जातात. आमवातासारख्या, सगळ्या सांध्याला सूज आणणाऱ्या आजारात ती करत नाहीत. धूम्रपानामुळे हाड भरून यायला वेळ लागतो, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांत धोका वाढतो.

ती किती टिकते, याचे आकडे अभ्यासागणिक बरेच बदलतात. ढोबळमानाने, दहा वर्षांनंतरही बहुतेक रुग्णांना सांधा बदलावा लागलेला नसतो. त्यानंतर मात्र हे प्रमाण घटत जाते. वजन जास्त असणे, मुळातच झीज पुढे गेलेली असणे आणि रेषा पुरेशी न सुधारणे ही लवकर दुखणे परतण्याची प्रमुख कारणे आहेत.

म्हणजे ही शस्त्रक्रिया झीज कायमची थांबवत नाही, ती वेळ मिळवून देते. पंचेचाळिशीत ती झाली आणि साठीत सांधा बदलावा लागला, तर पहिली शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येणार नाही. कमावती पंधरा वर्षे स्वतःच्या गुडघ्यावर निघाली आणि सांधा अशा वयात बदलला, जेव्हा तो शेवटपर्यंत पुरण्याची शक्यता जास्त असते. अडचण होते ती हे आधी न सांगितल्याने. ‘एकदा करा, आयुष्यभर बघायला नको’ असे ऐकून गेलेल्या रुग्णाला दुसरी शस्त्रक्रिया फसवणूक वाटते.

नंतर सांधा बदलताना अडचण कुठे येते?

पहिली अडचण धातूची. जुनी पट्टी आणि स्क्रू नव्या सांध्याच्या वाटेत येत असतील तर काढावे लागतात. कधी ते त्याच शस्त्रक्रियेत निघतात. कधी आधी धातू काढून, जखम भरू देऊन, मग सांधा बदलतात. पूर्वी तिथे जंतुसंसर्ग झाला असेल तर दोन टप्प्यांचा मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास सांध्यातले पाणी काढून तपासणी होते.

दुसरी अडचण त्वचेची. गुडघ्यासमोरच्या त्वचेला रक्तपुरवठा प्रामुख्याने आतल्या बाजूने होतो. जुन्या व्रणाच्या अगदी जवळून समांतर नवा छेद घेतला तर मधल्या त्वचेच्या पट्टीला रक्त कमी पडते आणि जखम चिघळू शकते. म्हणून शक्य तिथे जुनाच छेद वापरतात किंवा दोन छेदांत पुरेसे अंतर ठेवतात.

तिसरी अडचण वाटीची. आधीच्या शस्त्रक्रियेनंतर वाटीखालचा स्नायुबंध आखडून वाटी नेहमीपेक्षा खाली आलेली असू शकते. सांधा बदलताना वाटी बाजूला सरकवूनच आत पोहोचावे लागते. ती घट्ट असेल तर जागा मिळत नाही, आणि जोर दिल्यास स्नायुबंध हाडापासून सुटण्याचा धोका असतो.

चौथी अडचण हाडाच्या बदललेल्या आकाराची. पाचर काढलेल्या पद्धतीत बाहेरच्या बाजूचे हाड कमी झालेले असते आणि हाडाचा वरचा भाग खालच्या पोकळीच्या बरोबर वर राहत नाही. नव्या सांध्याची दांडी या पोकळीत जायची असते. नेहमीच्या जागी बसवली तर ती हाडाच्या भिंतीला टेकू शकते. फट उघडलेल्या पद्धतीत हाडाचा मागच्या बाजूचा उतार वाढलेला असू शकतो. शिवाय दोन्ही बाजूंचे स्नायुबंध एकसारखे ताणलेले राहतील असा समतोल साधणे नेहमीपेक्षा किचकट होते.

या सगळ्यावर उपाय आहेत. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला पूर्ण एक्स-रे, गरजेनुसार सीटी स्कॅन, लांब किंवा बाजूला सरकवलेली दांडी, हाड कमी असेल तिथे धातूचे जोडतुकडे. संगणक किंवा रोबोच्या मदतीने मोजमाप अधिक काटेकोर करता येते, पण त्वचा, व्रण आणि स्नायुबंधांचा निर्णय शेवटी सर्जनलाच घ्यावा लागतो. म्हणून ही शस्त्रक्रिया अशक्य नसली, तरी ‘नेहमीचीच’ म्हणूनही करता येत नाही.

मग निकाल वाईट लागतात का?

याचे सर्वात भरवशाचे उत्तर युरोपातील राष्ट्रीय नोंदवह्यांतून मिळते. फिनलंडमध्ये १९८७ ते २००८ या काळात, आधी पाय सरळ करून घेतलेल्या हजाराहून अधिक रुग्णांचे गुडघे बदलले गेले. त्यांची तुलना अशी शस्त्रक्रिया न झालेल्यांशी करण्यात आली. दहा वर्षांनी पहिल्या गटातील ९१.८ टक्के सांधे टिकून होते, दुसऱ्या गटातील ९४.५ टक्के. पंधरा वर्षांनी हेच आकडे ८८.४ आणि ९०.६ टक्के होते. नॉर्वेच्या नोंदवहीवर आधारित २०१५ च्या अभ्यासात दहा वर्षांचा आकडा अनुक्रमे जवळपास ९३ आणि ९४ टक्के होता. वय आणि इतर बाबी लक्षात घेतल्यावर तिथे दोन गटांत ठळक फरक दिसला नाही.

थोडक्यात, फरक असलाच तर थोडा आहे. दहापैकी नऊ जणांचा बदललेला सांधा दहा वर्षांनंतरही टिकलेला असतो. ‘आधी हाड कापले आहे, आता गुडघा बदलताच येणार नाही’ ही भीती या आकड्यांत बसत नाही. मात्र हे आकडे अशा देशांचे आहेत जिथे प्रत्येक सांध्याची नोंद ठेवण्याची पद्धत अनेक दशके जुनी आहे. फिनलंडची नोंदवही १९८० पासून सुरू आहे, तर नॉर्वे गुडघ्यांची नोंद १९९४ पासून ठेवते.

जुनी फाइल एवढी महत्त्वाची का?

भारतात सांधेबदलाची नोंद प्रत्येक रुग्णालयाला सक्तीची नाही. सांधेरोपण करणाऱ्या सर्जनच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती स्वेच्छेने दिलेल्या माहितीवर चालते. पाय सरळ केलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, याचा धागा त्यामुळे रुग्णालयांच्या कपाटांत आणि रुग्णांच्या घरात विखुरलेला राहतो.

इथेच नियमाचा आणि आजाराचा कालावधी जुळत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार, दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असेही त्यात म्हटले आहे. पण या दोन शस्त्रक्रियांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर असते. रुग्ण पुन्हा दारात येतो तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद अनेकदा कुठेच उरलेले नसतात. सर्जन निवृत्त झालेला असतो किंवा रुग्णालय बंद पडलेले असते.

कागद नसले तर काय बिघडते? पट्टी कोणत्या कंपनीची हे कळले नाही, तर तिचे स्क्रू काढायला कोणते अवजार लागेल हे आधी ठरवता येत नाही. स्क्रूच्या माथ्याला चुकीचे अवजार लावले तर माथा घासून गुळगुळीत होतो आणि शस्त्रक्रिया लांबते. हाड कोणत्या पद्धतीने कापले, किती अंश सरळ केले, तेव्हा संसर्ग झाला होता का, पाऊल वर उचलणाऱ्या नसेला इजा झाली होती का, हे सगळे एका डिस्चार्ज कार्डात आणि शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिलेले असते. ते नसेल तर सर्जनला एक्स-रे पाहून अंदाज बांधावा लागतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला वैद्यकीय नोंदी जोडता येतात. पण ही सोय ऐच्छिक आहे, आणि दहा वर्षांपूर्वीची प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल तिथे आपोआप पोहोचत नाही. ती मोबाइलवर फोटो काढून किंवा स्कॅन करून, घरातल्या दोघांकडे तरी जपून ठेवणे हे सध्या रुग्णाच्याच हातात आहे.

खर्चाचे गणित काय?

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध दर नियामक प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची सरासरी छापील किंमत तेव्हा सुमारे १ लाख ५८ हजार रुपये होती. ती जीएसटी वगळून ५४,७२० रुपयांवर आणली गेली. पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्यांसाठी १ लाख १३ हजार ९५० रुपयांची मर्यादा ठरली. पुढे या मर्यादांची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली.

ही मर्यादा सांध्याच्या किमतीवर आहे. शस्त्रक्रियागृह, सर्जन, भूल, खोली आणि रोबोचे शुल्क त्यात येत नाही. आधी पाय सरळ केलेल्या रुग्णाच्या बिलात जुना धातू काढणे, लांब दांडी, जोडतुकडे आणि सीटी स्कॅन यांची भर पडू शकते. दोन टप्प्यांत काम करायचे ठरले तर दोनदा दाखल व्हावे लागते. विमा किंवा सरकारी योजनेत यातले काय बसते, हे दाखल होण्याआधीच लेखी विचारून घेतलेले बरे.

रीलमध्ये दिसणारी ‘रिप्लेसमेंटविना’ शस्त्रक्रिया हीच का?

बऱ्याचदा नाही. ‘गुडघा न बदलता एका तासात घरी’ अशा व्हिडिओंत अनेकदा दाखवतात ती प्रॉक्सिमल फिब्युलर ऑस्टिओटॉमी. त्यात नडगीशेजारच्या बारीक हाडाचा छोटा तुकडा काढून टाकतात, नडगी तशीच राहते. चीनमधील डॉक्टरांनी २०१५ च्या सुमारास ती पुढे आणली आणि ती स्वस्त व सोपी असल्याने भारतातही झपाट्याने पसरली. तिच्या दीर्घकालीन परिणामांचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे, आणि त्याच भागातून जाणाऱ्या नसेला इजा होऊन पायाचा अंगठा किंवा पाऊल वर उचलायला त्रास होण्याचा धोका नोंदला गेला आहे. नावात ‘ऑस्टिओटॉमी’ असली तरी या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. नंतर सांधा बदलायची वेळ आली तर आपली कोणती झाली होती, हे रुग्णाला सांगता यायला हवे.

डॉक्टरांना काय विचारावे?

पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया सुचवली असेल तर : माझी झीज फक्त एकाच बाजूला आहे का? माझे वय, वजन आणि काम पाहता किती वर्षे मिळतील असा अंदाज आहे? पुढे सांधा बदलावा लागेल हे गृहीत धरून छेद आणि पट्टीची जागा ठरवली आहे का? हाड भरल्यावर धातू काढणार की ठेवणार?

आता सांधा बदलायचा असेल तर : आधी शस्त्रक्रिया झालेले किती गुडघे तुम्ही बदलले आहेत? धातू एकाच वेळी काढणार की आधी? संसर्ग नाही याची तपासणी केली का? लांब दांडी किंवा जोडतुकडे लागले तर ते तयार असतील का आणि त्यांचा खर्च किती?

आणि दोन्ही वेळा, घरी परतण्याआधी मागून घ्यायच्या गोष्टी : डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचे टिपण, शस्त्रक्रियेआधीचे व नंतरचे एक्स-रे, आणि बसवलेल्या पट्टीच्या किंवा सांध्याच्या वेष्टनावरचे स्टिकर. त्यावर कंपनी, आकार आणि बॅच क्रमांक असतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अडगळीत पडणारे हे स्टिकर दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनचा बराच वेळ वाचवू शकते.